चाकोरीची रुंदी

'चाकोरी' हा शब्द आज बहुधा लाक्षणिक अर्थानेच कानी पडतो. एखाद्याचे आयुष्य चाकोरीतून गेले असे म्हणतात, एखाद्याने चाकोरी सोडली असे म्हणतात. परंतु ह्या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. बैलगाडीची दोन चाके मातीत जी दोन समांतर खोबणी पाडतात, ती चाकोरी. एका गाडीने पाडलेल्या चाकोरीतून दुसरी गाडी सुखाने जावयाची, तर दोन्ही गाड्यांच्या चाकांमधील अंतर सारखे असावे लागते. ते दोन बोटे कमीअधिक झाले, की एक चाक खोबणीत आणि दुसरे वरंब्यावर चढते, तुंबा घासतो, आस ताणला जातो आणि बैल दमतात. दोन चाकांमध्ये अंतर किती असावे, हा प्रश्न म्हणूनच चाकाइतकाच जुना आहे. विसाव्या शतकात त्याच प्रश्नाचे एक अगदी धाकटे आणि वरवर क्षुल्लक भासणारे अपत्य जन्मास आले. वेगवान मोटारीचे चाक आणि त्याचा तुंबा यांच्यामध्ये बसविण्याची एक धातूची चकती, हेच ते अपत्य. तिला स्पेसर म्हणतात. तिचा इतिहास पाहावयाचा, तर प्रथम चाकोरीचाच मागोवा घेतला पाहिजे.

चाकोरीची रुंदी हा राज्यकारभाराचा विषय होऊ शकतो, हे प्रथम ओळखले ते चीनने. ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये छिन् घराण्याच्या पहिल्या सम्राटाने सहा राज्ये जिंकून देश एकछत्री केला. त्याने लिपी, वजने आणि मापे एकसारखी केली, आणि त्यांच्याच जोडीने गाड्यांच्या आसांची लांबीही ठरवून दिली. भिन्न राज्यांतील भिन्न रुंदीच्या चाकोऱ्या म्हणजे शत्रूच्या रथांना अडविणारी तटबंदीच होती. ती पडली आणि रस्ते एक झाले. तिकडे इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीचे फरसबंद रस्ते आजही पाहावयास मिळतात. त्यांतील दगडांत चाकांनी कोरलेल्या चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडावा म्हणून मध्ये जे उंच दगड बसविले आहेत, ते चाकांना बरोबर दोहोंमधून जाता यावे अशा बेताने ठेवलेले आहेत. गाडी बनविणारा आणि रस्ता बांधणारा यांच्यातील हा एक मूक करारच होता.

ह्या कराराचा खरा कलह माजला तो एकोणिसाव्या शतकात, आगगाडीच्या निमित्ताने. जॉर्ज स्टीफन्सन याने उत्तर इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींतील गाड्यांचे माप उचलले आणि त्यातून चार फूट साडेआठ इंच ही रुळांची रुंदी रूढ झाली. इझंबार्ड किंगडम ब्रूनेल या इंजिनिअराला ती मान्य नव्हती. त्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी सात फुटांहून किंचित अधिक रुंदी निवडली, आणि १८३८ मध्ये त्या मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. ब्रूनेलच्या मनात केवळ रुंदीचा हव्यास नव्हता. चाकांमध्ये अंतर पुष्कळ असले, तर डबे चाकांच्या वर न बसविता त्यांच्या मध्ये, खाली बसविता येतील, त्यांचा भार जमिनीलगत राहील आणि वेगातही गाडी स्थिर चालेल, असा त्याचा मूळ विचार होता. १८४५ मध्ये ह्या वादाचा निवाडा करण्यासाठी आयोग नेमला गेला. वेगाच्या चाचण्यांत ब्रूनेलची रुंद गाडी सरस ठरली. तरीही देशात अरुंद रूळ आधीच कितीतरी अधिक पसरले होते, म्हणून १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी स्टीफन्सनचेच माप प्रमाण मानले. ब्रूनेल १८५९ मध्ये वारला. १८९२ च्या मे महिन्यात त्याचे उरलेसुरले रुंद रूळही उखडले गेले.

हिंदुस्थानात ह्याच वादाची पुनरावृत्ती झाली. येथील वादळी वाऱ्यांपुढे अरुंद गाडी टिकणार नाही, अशा युक्तिवादावर लॉर्ड डलहौसी यांचा ओढा रुंद रुळांकडे होता. अखेर साडेपाच फूट हे माप ठरले, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी त्याच मापाच्या रुळांवरून धावली. परंतु अवघ्या नऊ वर्षांनी, १८६२ मध्ये, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम हा जो मार्ग निघाला, त्याची रुंदी केवळ अडीच फूट होती, आणि आरंभी त्यावरील गाड्या बैल ओढीत असत. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने तर दोन फुटांचे रूळ टाकले, आणि त्या चिमुकल्या रुळांवरून गाडी दीर्घकाळ श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करीत राहिली. बडोदे आणि ग्वाल्हेर येथील जुन्या पिढ्यांना ह्या गाड्यांची संथ चाल चांगलीच परिचयाची होती. साडेपाच फूट रुंदीची गाडी चालते आणि दोन फूट रुंदीचीही चालते. मग खरे काय? खरे हे, की केवळ रुंदीला अर्थ नाही. भार किती उंचीवर आहे आणि वेग किती आहे, यांच्याशी रुंदीचे जे प्रमाण पडते, त्याला अर्थ आहे. उंट उंच आणि अरुंद असूनही पडत नाही, कारण तो वळणावर धावत नाही.

मोटार मात्र वळणावर धावते. रुळांचे बंधन तिला नाही. तिला रस्त्याशी बांधून ठेवतो तो टायरचा तळहाताएवढा भाग, आणि असे चार तळहात. आरंभीच्या मोटारींनी घोडागाड्यांचीच चाकोरी उचलली. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या 'टी' मोटारीच्या चाकांमध्ये ५६ इंच अंतर असे. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागातील मातीच्या रस्त्यांवर गाड्यांची चाकोरी ६० इंचांची होती. तेथील गिऱ्हाइकांसाठी फोर्डने १९१६ पर्यंत चार इंच अधिक रुंद गाडी निराळी बनविली. यंत्रयुगाच्या त्या महान कारखानदारालाही खेड्यातील चाकोरीपुढे मान तुकवावी लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी चाक हे गाडीचा कायमचा अवयव होता. टायर फुटला, तर चाक जागेवरच ठेवून टायर उतरवावयाचा, आतली नळी सांधावयाची आणि पुन्हा चढवावयाचा, असा क्रम असे. शर्यतीत हा वेळ परवडत नसे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे सायकली बनविणाऱ्या रज-व्हिटवर्थ कंपनीतील जॉन प्यू याने तारांच्या आऱ्यांचे असे एक चाक तयार केले, की ते मधला एकच मोठा नट सोडवून संपूर्ण उतरविता येई. तुंब्याला आतून दातेरी खाचा असत, त्या आसावरील खाचांत बसत आणि नटाने चाक निमुळत्या गादीवर घट्ट आवळले जाई. गाडीच्या एका बाजूच्या नटाचे आटे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे ठेवलेले असत, म्हणजे धावताना नट सैल न पडता अधिकच घट्ट होई. १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीच्या नियमांनी अशा चाकांना मज्जाव केला, तेव्हा नेपियर कंपनीने शर्यतीतूनच माघार घेतली. नवी युक्ती किती प्रभावी आहे, याचे प्रमाणपत्र अनेकदा तिच्यावर घातलेल्या बंदीतूनच मिळते.

पुढे १९२३ च्या मे महिन्यात फ्रान्समधील ल मान गावी चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत सुरू झाली. तिच्या संस्थापकांत रज-व्हिटवर्थ कंपनीचे फ्रान्समधील प्रतिनिधी एमिल कोकी हे होते आणि तिचा पहिला करंडकही ह्याच कंपनीच्या नावाचा होता. वेगवान मोटारीच्या इतिहासात चाक आणि त्याचा तुंबा यांना केवढे मानाचे स्थान आहे, हे ह्यावरून दिसून येईल. ह्या तारांच्या चाकांनी पुढील चाळीस वर्षे स्पोर्ट्स मोटारीचे रूप घडविले. १९४५ मध्ये आलेल्या एम. जी. टी. सी. ह्या छोट्या गाडीच्या चाकांमध्ये जेमतेम ४५ इंच अंतर होते, आणि चाके मात्र १९ इंच व्यासाची, उंच आणि काटकुळी. १९६१ मध्ये जिनिव्हा येथे जगापुढे आलेल्या जग्वार 'ई' मोटारीची चाकोरीही ५० इंचांचीच होती. ह्या चाकांत बाहेरून काही घालून ती सरकविणे सोपे नव्हते. तुंबा आणि आस यांची दातेरी जुळणी अशी पक्की असे, की मध्ये चकती सारावयास जागाच उरत नसे. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून चाकाबाहेर पंखांसारखे पुढे आलेले नट सुरक्षिततेच्या कारणास्तव वर्ज्य केले. तोवर बहुतेक गाड्यांची चाके चार-पाच स्टडांवर सपाट बसू लागली होती. सपाट तोंडावर सपाट तोंड बसते, तेथे दोहोंच्या मध्ये एक चकती सहज मावते. स्पेसरला वाट मिळाली ती येथे.

परंतु वाट असली, तरी त्या वाटेने जाण्याची इच्छा उत्पन्न व्हावी लागते. ती इच्छा उत्पन्न करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी १९५९ ह्या एकाच वर्षाला द्यावे लागेल. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या सर्व गाड्यांची अंगे एकदम रुंद झाली, पण खालची चौकट मात्र पूर्वीचीच राहिली. रुंद अंगाखाली चाके आत दडलेली दिसत. पाँटिॲक विभागाचे प्रमुख सेमन नुडसेन यांना ते रूप रुचले नाही. त्यांनी चाके सुमारे पाच इंचांनी बाहेर काढविली, चाकोरी ६४ इंचांच्या घरात नेली आणि 'वाइड-ट्रॅक' ह्या नावाची दवंडी पिटली. गाडी वळणावर खरोखरच अधिक स्थिर झाली. परंतु लोकांच्या मनात ठसले ते तिचे रूप, चाके अंगाबाहेर रोवून पाय फाकून उभ्या राहिलेल्या मल्लासारखे. पाँटिॲकचा खप वाढत गेला. रुंदी हा गुण डोळ्यांना दिसतो, आणि जो गुण डोळ्यांना दिसतो तो विकता येतो, हा धडा मोटारीच्या धंद्याने तेव्हा गिरविला.

त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमध्ये अगदी उलट प्रवृत्तीची एक गाडी अवतरली. अलेक् इसिगोनिस याने आखलेली 'मिनी' ही दहा फूट लांबीची, दहा इंची चाकांची गाडी. तिची रुंदी बेताची, पण चारी चाके चार कोपऱ्यांत ढकललेली आणि अंग जमिनीलगत. ब्रूनेलने आगगाडीत जे योजिले होते, तेच तत्त्व येथे नकळत साकार झाले. ह्या गाडीला जॉन कूपर याने शर्यतीस योग्य बनविले आणि १९६४, १९६५ व १९६७ ह्या तीन वर्षी तिने माँटे कार्लो रॅली जिंकली. तिच्या 'कूपर एस' ह्या प्रकाराच्या मागील ब्रेकचे ड्रम सुमारे एक इंच अधिक जाड ओतलेले होते. त्यामुळे मागील चाके बाहेर सरकत आणि पुढील चाकांच्या ओळीत येत. म्हणजे स्पेसर वेगळा नसून ड्रमच्याच अंगात ओतलेला होता. कारखान्याने स्वतः केलेल्या ह्या रचनेचे अनुकरण गल्लोगल्लीच्या गॅरेजांत होऊ लागले, आणि जाड ड्रम मिळाला नाही, तर निराळी चकती घालून काम भागविले जाऊ लागले.

पुढे टायरही रुंद होत गेले. १९७३ च्या पोर्शे कॅरेरा आर. एस. मोटारीची पुढील चाके सहा इंच रुंद, तर मागील सात इंच होती, आणि त्यांना सामावून घेण्यासाठी मागील मडगार्ड फुगविलेले होते. १९७० च्या दशकात पिरेलीचे बसके आणि रुंद पी-७ टायर आले, आणि १९७८ च्या लांबोर्गिनी कूंटाशच्या मागील टायरची रुंदी ३४५ मिलिमीटर, म्हणजे एका फुटाहून अधिक झाली. भिंतीवरच्या चित्रांतून ह्या गाड्या जगभर पोहोचल्या. साध्या गाडीच्या धन्याला ती गाडी परवडणारी नव्हती, पण तिचा रुबाब मात्र हवा होता. त्याच्या गाडीची चाके मडगार्डच्या आत बोटभर दडलेली होती. ती बाहेर आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर. कुणी दुसऱ्या गाडीची चाके आपल्या गाडीला बसविण्यासाठी स्पेसर घेई, कुणाला ब्रेकचा मोठा कॅलिपर चाकाच्या आऱ्यांना घासू नये म्हणून तो हवा असे. पण बहुतेकांना हवी होती ती ऐट.

ऐट बाजूला ठेवून हिशेब मांडला, तर काय दिसते? गाडी वळण घेते तेव्हा आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती भार जातो, हे गाडीचे वजन, वळणाचा जोर आणि भारमध्याची उंची यांच्या गुणाकाराला चाकोरीच्या रुंदीने भागले असता कळते. समजा, गाडीचे वजन १००० किलोग्रॅम, भारमध्याची उंची ५० सेंटिमीटर, चाकोरी १३० सेंटिमीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा. अशा वेळी सुमारे १९२ किलोग्रॅम भार आतून बाहेर जाईल. आता चारी चाकांना १० मिलिमीटरचे स्पेसर लावले. चाकोरी १३२ सेंटिमीटर झाली आणि बदलणारा भार झाला सुमारे १८९ किलोग्रॅम. लाभ अवघ्या तीन किलोग्रॅमचा, म्हणजे शेकडा दीड. रुंदी न वाढविता गाडीचा भारमध्य पाऊण सेंटिमीटरने खाली आणला, तरी हाच लाभ पदरात पडतो. पाँटिॲकची पाच इंचांची वाढ ही एक गोष्ट आणि बोटाच्या जाडीची चकती ही दुसरी गोष्ट, हे ह्या हिशेबावरून उघड व्हावे.

लाभ असा अल्प, पण किंमत मात्र अल्प नसते. पुढील चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर टायर जेथे टेकतो त्याच्या मध्याजवळ तो जमिनीस भेटतो. ह्या दोन बिंदूंमधील अंतर आखणाऱ्याने मिलिमीटर मोजून ठरविलेले असते. १९७२ मध्ये आलेल्या आउडी ८० ह्या मोटारीत तर तो अक्ष मुद्दाम टायरच्या मध्याच्या बाहेरच्या बाजूस नेलेला होता. एका चाकाखाली ओलावा आणि दुसऱ्याखाली कोरडा रस्ता असताना ब्रेक दाबला, तर गाडी एका अंगाला खेचली जावयाची. ह्या रचनेमुळे पुढील चाके आपोआप उलट दिशेस किंचित वळत आणि गाडी सरळ रेषेत राही. अशा गाडीला जाड स्पेसर लावला, की टायरचा मध्य बाहेर सरकतो आणि त्या संरक्षणाचा तितकाच भाग नाहीसा होतो. कोरड्या रस्त्यावर चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो पावसात, आणीबाणीच्या क्षणी. शिवाय चाक बाहेर गेले, की तुंब्यातील बेअरिंगांवरचा पीळ वाढतो. चाकाचा तरफदांडा लांबल्यामुळे स्प्रिंग काहीशी नरम पडल्यासारखी वागते, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील तोलही बदलतो.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो चाक घट्ट राहण्याचा. चाक स्टडांवर लोंबकळत असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. नट आवळला, की स्टड केसभर ताणला जातो, रबरासारखा परत आखडू पाहतो, आणि त्या ओढीने चाकाचे तोंड तुंब्याच्या तोंडावर दाबले जाते. गाडीचा सारा जोर ह्या दोन तोंडांमधील घर्षण पेलते, स्टड पेलीत नाही. नट सैल झाला, तोंडांमध्ये गंज, रंग किंवा मातीचा थर राहिला, की घर्षण कमी होते. चाक सूक्ष्म हालू लागते आणि मग सारा भार खरोखरच स्टडांवर येतो. त्या कामासाठी ते घडविलेलेच नसतात. ते थकतात आणि तुटतात.

स्पेसर घातला, की एकाच्या जागी दोन सांधे होतात. तशात स्टड जर मूळ लांबीचेच ठेवले, तर नटाला पकडावयास आटे कमी उरतात. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडाचे आटे दीड मिलिमीटरच्या अंतराचे असतील, तर पाच मिलिमीटरची चकतीदेखील तीनांहून अधिक आटे गिळून टाकते. नट निदान स्टडाच्या जाडीइतक्या लांबीवर, म्हणजे अशा स्टडावर आठ पूर्ण फेरे, चढला पाहिजे, असा कारागिरांचा जुना दंडक आहे. तो पाळावयाचा, तर पातळ चकतीबरोबर लांब स्टड किंवा लांब बोल्ट हे घेतलेच पाहिजेत. जाड चकतीची तऱ्हा निराळी असते. ती स्वतः तुंब्यावर नटांनी आवळली जाते आणि तिच्या अंगात बसविलेल्या दुसऱ्या स्टडांवर चाक चढते. येथे नटांच्या दोन रांगा होतात आणि आतली रांग चाकामागे दडलेली राहते. ती सैल झाली, तर बाहेरून दिसत नाही.

म्हणूनच जाणता मेकॅनिक हे काम घाईने करीत नाही. तो प्रथम तुंब्याचे तोंड तारेच्या ब्रशाने धातू उजळेपर्यंत घासतो. चकतीचे मधले भोक तुंब्याच्या उंचवट्यावर नेमके बसते की नाही, हे पाहतो, कारण ते सैल असले, तर चाक मध्यावर न राहता थरथरते. एकावर एक दोन चकत्या तो कधीही रचीत नाही. नट फुलीच्या क्रमाने, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळतो आणि शेवटचा जोर मोजपट्टीच्या पान्याने मोजून देतो. चाक पुरते डावी-उजवीकडे वळवून आणि गाडी भाराने दाबून टायर मडगार्डला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही ना, याची खात्री करतो. आणि पन्नास-शंभर किलोमीटर धावून आल्यावर गाडी पुन्हा बोलावून सारे नट पुन्हा तपासतो. नव्या सांध्यातील तोंडे चालताना एकमेकांत बसतात, त्यामुळे नट किंचित सैल पडू शकतात. ही दुसरी तपासणी गिऱ्हाइकाला कटकटीची वाटते, पण हीच सर्वांत मोलाची असते.

समाजाने ह्या बाबतीत निरनिराळ्या देशांत निरनिराळे धोरण स्वीकारले आहे. जर्मनीत स्पेसर विकण्यास मुभा आहे, परंतु त्याची शास्त्रीय तपासणी झालेली असावी लागते आणि बसविलेली गाडी अधिकृत तपासनिसापुढे उभी करावी लागू शकते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, कारखानदाराने नमूद केलेल्या मूळ तपशिलाहून गाडीत निराळा बदल करण्यास मर्यादा घालते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा कडक अर्थ लावला. शर्यतींच्या जगातही रुंदीला लगाम घालावा लागलाच. फॉर्म्युला वन मोटारीची कमाल रुंदी १९९३ मध्ये २१५ वरून २०० सेंटिमीटरवर आणि १९९८ मध्ये १८० सेंटिमीटरवर आणली गेली. २०१७ मध्ये ती पुन्हा २०० करण्यात आली आणि २०२६ च्या नियमांनी ती १९० ठरविली. रुंद गाडी वळणे अधिक वेगाने घेते, म्हणून रुंदी कमी करावयाची. शर्यत नीरस झाली, की पुन्हा वाढवावयाची. सर्वांनी एकच माप पाळावे, हा छिन् सम्राटाचा दंडक शर्यतीच्या मैदानावर अजून जिवंत आहे म्हणावयाचा.

ह्या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य रुंदीच्या विरुद्ध नाही. ब्रूनेल चुकला नव्हता, नुडसेनही चुकले नव्हते, आणि 'कूपर एस' चा जाड ड्रम ही तर कारागिरीची एक सुंदर युक्ती होती. परंतु ह्या प्रत्येकाने चाक हलविले, तेव्हा त्याबरोबर हलणारे बाकीचे सारे हिशेबात धरले होते. चाक एकटे कधीच हलत नाही. त्याच्यामागून बेअरिंग, स्प्रिंग, ब्रेक आणि चालकाच्या हातातले सुकाणू, सारेच थोडेथोडे हलते. जो केवळ आरशातल्या रूपासाठी चकती बसवितो, तो इतरांनी कसून मांडलेला हिशेब न वाचताच त्यावर शाई सांडतो. आणि त्याच्या गाडीपुढे रस्ता ओलांडणाऱ्याला ह्या हिशेबाची काहीच कल्पना नसते.

बैलगाडीच्या काळी चाकोरी सोडणाऱ्या गाडीवानाला वरंब्याचा धक्का तत्काळ कळे, आणि तो सावध होई. डांबरी रस्त्यावर चाकोरी दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे वाटते. ती आता मातीत नसून गाडी आखणाऱ्याच्या कागदावर असते. ती सोडावयाची, तर खुशाल सोडावी, पण ती कोठून गेली आहे हे पाहून सोडावी, आणि पन्नास किलोमीटरांनंतर थांबून नट पुन्हा तपासावेत.